पुस्तके बांधता बांधता रसायन शिकलेला मुलगा

रसायनशास्त्र मास्तरांशिवाय, नुसत्या पुस्तकावरून शिकता येईल काय, असा प्रश्न पालक आम्हां शिक्षकांना नेहमी विचारतात. परीक्षा जवळ आली की घरोघरी मार्गदर्शक पुस्तके येतात आणि मुले ती रात्री जागून घोकतात. उपदेश करण्यापेक्षा या खेपेस आम्ही मायकेल फॅरडेची हकीकत सांगतो. विजेच्या शोधांमुळे त्याचे नाव सर्वांना ठाऊक आहे. पण त्याची सुरवात रसायनाच्या एका सोप्या पुस्तकापासून झाली, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळील न्यूइंग्टन येथे झाला. बाप लोहार, तोही प्रकृतीने अधू. घरात खाण्याची ओढाताण होती. वाचणे, लिहिणे आणि थोडे आकडे यांपलीकडे मायकेलची शाळा गेली नाही. १८०४ साली, तेराव्या वर्षी, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे निरोप्या म्हणून लागला. गिऱ्हाइकांच्या घरी वर्तमानपत्रे पोचवायची, हे त्याचे काम. पुढच्या वर्षी मालकाने त्याला पुस्तकबांधणी शिकण्यासाठी सात वर्षांच्या कराराने ठेवून घेतले. मालक मोठ्या मनाचा असावा, कारण बांधायला आलेली पुस्तके वाचायला त्याने या पोराला कधी आडकाठी केली नाही.

अशाच एका दिवशी त्याच्या हाती जेन मार्सेट यांचे ‘कॉन्व्हर्सेशन्स ऑन केमिस्ट्री’ हे पुस्तक आले. मार्सेटबाई काही शास्त्रज्ञ नव्हत्या. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, पण ती नीट समजेनात. घरी मित्रमंडळींशी चर्चा करून, प्रयोग पाहून विषय उलगडत गेला, तेव्हा आपल्यासारख्या नवशिक्यांसाठी त्यांनी पुस्तक लिहिले. त्यात एक शिक्षिका आणि एमिली व कॅरोलिन या दोन मुली बोलतात. एक मुलगी गंभीर, दुसरी उतावळी. मुली शंका काढतात, बाई प्रयोग करून दाखवतात. सुरवातीच्या आवृत्त्यांवर लेखिकेचे नावही नव्हते. शिक्षक या नात्याने आम्हांला या रचनेचे मोठे कौतुक वाटते. वाचणाऱ्याच्या मनात जी शंका उठणार, ती त्या उतावळ्या मुलीने आधीच विचारलेली असते.

मात्र फॅरडेने ते पुस्तक पाठ केले नाही. छापलेले आहे म्हणून खरे मानायचे नाही, असा त्याचा स्वभाव. आठवड्याला जे चार पेन्स हाती उरत, त्यांत बसतील तेवढे प्रयोग तो स्वतः करून पाही, आणि पुस्तकातली गोष्ट खरी ठरली की मगच पुढे जाई. म्हातारपणीसुद्धा त्याने या पुस्तकाचे ऋण मानले, ते याचसाठी.

१८१२ सालच्या जुलैत त्याने जस्ताच्या पत्र्यातून अर्ध्या पेनीच्या नाण्याएवढ्या सात चकत्या कापल्या. प्रत्येक चकतीवर एक तांब्याचे नाणे, आणि अशा जोड्यांच्या मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला कागद, अशी उतरंड रचली. ही झाली घरगुती बॅटरी. तिच्या दोन टोकांच्या तारा त्याने जुलाबासाठी घेतात त्या एप्सम सॉल्टच्या पाण्यात सोडल्या. तारांवर बुडबुडे आले, आणि दोनेक तासांनी नितळ पाणी गढूळ झाले. मिठातला मॅग्नेशिया वेगळा होऊन पाण्यात तरंगत होता. हा आनंद त्याने मित्राला लांबलचक पत्र लिहून कळवला. सात नाणी आणि थोडे मीठ, एवढाच खर्च!

तोपर्यंत त्याला गुरूही दिसला होता. टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी विज्ञानाची व्याख्याने होत. फी एक शिलिंग, आणि ती त्याचा लोहार भाऊ रॉबर्ट भरी. मग १८१२ च्या वसंत ऋतूत दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला डेव्हींच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. ज्यांचे ऐकून मार्सेटबाईंनी पुस्तक लिहिले, तेच हे डेव्ही. फॅरडेने टिपणे घेतली, घरी ती विस्ताराने लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतः बांधली, आणि वर्षअखेर तो ग्रंथ डेव्हींकडे पाठवून नोकरी मागितली. भेट झाली, पण जागा रिकामी नव्हती. बांधणीचा धंदा सोडू नकोस, असा सल्ला मिळाला. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी केल्यामुळे कामावरून गेला, आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे त्या जागी आला. पगार आठवड्याला पंचवीस शिलिंग, राहायला माडीवर दोन खोल्या, शिवाय कोळसा आणि मेणबत्त्या.

सारे सुखाचे झाले असे मात्र नाही. त्याच वर्षी डेव्ही पतिपत्नींबरोबर तो युरोपच्या दौऱ्यावर गेला, तेव्हा डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकरासारखे वागवले. प्रवास सोडून परत जावे, असे त्याच्या मनात येई. पण त्याच प्रवासात फ्लॉरेन्सला मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला गेला, आणि हिरा म्हणजे निव्वळ कार्बन हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पुढे शिष्य वाढला तसे गुरूला ते सोसेना. १८२३ मध्ये फॅरडेने क्लोरीन वायूचे द्रव केले आणि श्रेयावरून कुरबूर झाली. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी त्याचे नाव सुचवले गेले, तेव्हा अध्यक्ष असलेल्या डेव्हींनीच विरोध केला. तरी जानेवारी १८२४ मध्ये तो निवडून आला. विरुद्ध मत एकच पडले. फॅरडेने मात्र डेव्हींबद्दलचा आदर सोडला नाही.

१८२५ मध्ये दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून त्याने बेंझीन शोधून काढले. १८२७ मध्ये प्रयोगशाळेत हात कसा चालवावा, म्हणजे वजन, गाळणे, तापवणे, काचेची नळी वाकवणे, यावर जाडजूड पुस्तक लिहिले. १८३१ च्या चुंबक-विजेच्या शोधाबद्दल वाचकांनी शाळेत वाचलेच असेल. आम्हांला अधिक मोलाचे वाटते ते १८३४ चे काम. सात नाण्यांच्या बॅटरीने मीठ फोडणाऱ्या मुलाने आता तेच फुटणे मोजले: जितकी वीज वाहते, तितक्याच प्रमाणात पदार्थ सुटतो. त्याला ग्रीक येत नव्हते, म्हणून केंब्रिजच्या ह्यूएल नावाच्या विद्वानाला त्याने नवी नावे विचारली. अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द तेव्हापासूनचे. गणितही त्याला फारसे येत नव्हते. ते कच्चेपण त्याने लपवले नाही.

मोठेपणी आपले निबंध तो मार्सेटबाईंना भेट पाठवी, आणि त्याही नव्या आवृत्त्यांसाठी त्याच्याकडे नव्या शोधांची चौकशी करीत. ज्या पुस्तकातून तो शिकला, त्यातच त्याचे शोध छापले गेले! बाई १८५८ मध्ये वारल्या.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद त्याने नाकारले, पण मुलांसाठी नाताळातली व्याख्याने चालू ठेवली. १८६० च्या नाताळात, एकोणसत्तराव्या वर्षी, एका मेणबत्तीवर त्याने सहा व्याख्याने दिली. ज्योतीवर थंड भांडे धरले की पाणी जमते, मेणबत्तीच्या धुराने आणि आपल्या उच्छ्वासाने चुन्याची निवळी सारखीच पांढरी होते, हे त्याने मुलांसमोर करून दाखवले. स्मरणशक्ती तेव्हा पुष्कळ गेली होती. मार्च १८६२ मध्ये वहीत शेवटचा प्रयोग नोंदला गेला. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्ट येथील घरी, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. दगडावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखा, एवढेच.