रोह्याचे सुपुत्र डॉ. चिंतामणराव देशमुख

पूर्वीच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्याने अवघ्या चार महिन्यांच्या अंतराने देशाला दोन थोर पुरुष दिले. ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे विनोबा भावे यांचा जन्म झाला आणि १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते या गावी चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले. विनोबांनी तारुण्यातच घर सोडले आणि सर्वसंगपरित्यागाचा मार्ग धरला. चिंतामणरावांनी संसार केला, मोठमोठी अधिकारपदे भूषविली, देशाच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळल्या. तथापि पदावर असूनही पदाची आसक्ती नसणे ही दुर्मीळ वृत्ती त्यांच्या ठायी होती आणि तिची कसोटी पाहणारा प्रसंग त्यांच्या जीवनात आला तेव्हा ते तीत पूर्णपणे उतरले.

चिंतामणरावांचे वडील द्वारकानाथ गणेश देशमुख हे नामांकित वकील, तर मातोश्री भागीरथीबाई अत्यंत धर्मपरायण होत्या. बालपणीचा बराचसा काळ कुंडलिकेच्या काठी रोह्यात गेला. मुंबई विद्यापीठाच्या १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. पुढे केंब्रिज येथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांचे अध्ययन करून १९१७ मध्ये ते उत्तीर्ण झाले. वनस्पतिशास्त्रातील प्रावीण्याबद्दल त्यांना पारितोषिक मिळाले. १९१८ साली लंडनमध्ये झालेल्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. कोकणातील एका मुलाने साम्राज्याच्या राजधानीत मिळविलेले हे यश त्या काळी असामान्यच होते.

मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रदीर्घ सेवा केल्यानंतर १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. ११ ऑगस्ट १९४३ रोजी त्यांची गव्हर्नरपदी नियुक्ती झाली. या पदावर येणारे ते पहिले भारतीय होत. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्स येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक यांची पायाभरणी झाली. त्या परिषदेतील भारतीय शिष्टमंडळात त्यांचा समावेश होता. फाळणीनंतर काही महिने भारत व पाकिस्तान या दोन्ही देशांची मध्यवर्ती बँक रिझर्व्ह बँकच होती. दोन दुरावलेल्या भावांची वाटणी करण्याइतके नाजूक असे हे काम होते. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हाही सूत्रे त्यांच्याच हाती होती.

१९५० मध्ये ते केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. पहिल्या पंचवार्षिक योजनेचा काळ तो. खेड्यातील शेतकऱ्याला सावकाराखेरीज अन्य आधार नव्हता. अशा वेळी इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे दायित्व तिच्यावर सोपविण्यात आले. १९ जानेवारी १९५६ च्या सायंकाळी चिंतामणरावांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. २४५ विमा संस्था शासनाच्या ताब्यात आल्या आणि त्यांतूनच त्याच वर्षी १ सप्टेंबर रोजी आयुर्विमा महामंडळ उभे राहिले. घरातील कर्त्या पुरुषाच्या पश्चात त्याच्या कुटुंबाच्या हाती पडावयाची रक्कम सुरक्षित राहिली पाहिजे, ही दृष्टी या निर्णयामागे होती.

मात्र महामंडळ स्थापन झाले त्या दिवशी चिंतामणराव अर्थमंत्रिपदावर नव्हते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचा निर्णय जानेवारी १९५६ मध्ये जाहीर झाला होता. मुंबईत आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. या गोळीबाराची चौकशी व्हावी अशी चिंतामणरावांची मागणी होती. एवढा गंभीर निर्णय ज्या पद्धतीने घेण्यात आला, तीही त्यांना मान्य नव्हती. पंतप्रधान नेहरूंशी त्यांचे व्यक्तिगत संबंध स्नेहाचे होते. तीनच वर्षांपूर्वी त्यांच्या विवाहाला पंडितजी साक्षीदार म्हणून उपस्थित राहिले होते. एका बाजूला हा स्नेह आणि देशाचे अर्थमंत्रिपद, तर दुसऱ्या बाजूला आपल्याला निवडून देणाऱ्या मराठी जनतेचा विश्वास. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत आपली भूमिका निर्भीडपणे मांडली. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यामागे अनेक हुतात्म्यांचे रक्त आहे, तसाच रोह्याच्या या सुपुत्राचा त्यागही आहे.

त्यांचे कौटुंबिक जीवनही सुखदुःखांनी भरलेले होते. १९२० मध्ये रोझिना या इंग्रज युवतीशी त्यांचा विवाह झाला. त्यांना एक कन्या झाली. १९४९ मध्ये रोझिनाबाईंचे निधन झाले. पुढे २२ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, दुर्गाबाईंशी ते अगदी साधेपणाने विवाहबद्ध झाले. दुर्गाबाई या स्वातंत्र्यसैनिक, संविधान सभेच्या सदस्या आणि मद्रासमधील आंध्र महिला सभेच्या संस्थापिका. या उभयतांनी एकमेकांच्या कार्याला बळ दिले. मंत्रिपद सोडल्यावर चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि नंतर १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार लाभला. १९७५ मध्ये पती-पत्नी दोघांनाही पद्मविभूषण या किताबाने गौरविण्यात आले.

राज्यकारभाराच्या धकाधकीतही संस्कृतचा व्यासंग त्यांनी सोडला नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत काव्यानुवाद केला, स्वतः संस्कृतात काव्यरचना केली.

९ मे १९८१ रोजी दुर्गाबाईंनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, २ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी चिंतामणरावांनी हैदराबाद येथे देह ठेवला. पुढे सुमारे सहा आठवड्यांनी, १५ नोव्हेंबर रोजी, पवनार आश्रमात विनोबांनी अन्न, पाणी व औषध वर्ज्य करून देहत्याग केला. तो भगवान महावीरांचा निर्वाणदिन होता. जिल्ह्याची ही दोन रत्ने जवळजवळ एकाच वेळी आली आणि एकाच वेळी गेली.

विनोबांसारखा सर्वसंगपरित्याग सर्वांनाच साधणारा नाही. परंतु प्रपंचात राहून, लोकांचा पैसा विश्वस्ताच्या भावनेने सांभाळावा, हिशेब चोख ठेवावा आणि तत्त्वाचा प्रश्न येताच खुर्ची सोडून निघावे, हा मार्ग प्रत्येक गृहस्थाला खुला आहे. चिंतामणराव त्या मार्गाने अखेरपर्यंत चालले. त्यांच्या पावन स्मृतीस विनम्र अभिवादन!