वसईचे रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

राजसत्ता कायमची कोणाची नसते, हें रत्नागिरीकरांस सांगावयास नको. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ सालीं सिंहासनावरून दूर झाला व १९१६ सालीं याच गांवीं बंदिवासांत वारला. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे कीं, सर्व अधिकार परमेश्वरापासून येतो. राजाजवळ तो केवळ ठेव म्हणून असतो, आणि ठेव ठेवणारा एके दिवशीं हिशेब मागतो. म्हणून देवाच्या नांवानें राज्य करणें म्हणजे मन मानेल तसें वागण्याची मोकळीक नव्हे, तर देवाच्या आज्ञेनें बांधलें जाणें होय. आमच्याच कोंकणपट्टीच्या एका सुपुत्रानें हें तत्त्व प्राण देऊन सिद्ध केलें. त्यांचें चरित्र या जुबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथें झाला. वसई त्या वेळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई कोंकणची. येशूसंघाच्या धर्मगुरूंपाशीं त्यांचें शिक्षण झालें व कोवळ्या वयांतच ते त्यांजबरोबर जपानास गेले. तेथील भाषा उत्तम आत्मसात करून त्यांनीं कित्येक वर्षें धर्मशिक्षकाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची मोठी आस होती. ती पुरी झाली नाहीं. मग त्यांनीं व्यापार केला, परंतु धनानें मनाची तहान भागेना. अखेर मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधे ब्रदर म्हणून त्यांनीं व्रत घेतलें.

१५९३ सालीं फिलिपाईन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें फादर पेद्रो बाप्तिस्ता यांस आपले वकील म्हणून जपानास धाडिलें. ब्रदर गोन्सालो त्यांचे दुभाषी झाले. हिदेयोशी हा त्या वेळीं जपानचा सर्वसत्ताधीश होता. मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम त्यानें १५८७ सालींच काढिला होता. तरी गोन्सालो त्याच्या दरबारीं गेले, त्याचा यथोचित मान राखिला, व राहण्याची परवानगी मिळाली. क्योतो शहरीं या संन्याशांनीं देऊळ बांधिलें व महारोग्यांसाठीं इस्पितळ चालविलें.

१५९६ सालीं सान फेलिपे नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यास लागून फुटलें व त्यावरील माल जप्त झाला. असें सांगतात कीं, जहाजावरील एका अधिकाऱ्यानें धाक घालण्यासाठीं बढाई मारिली. स्पेनचा राजा आधीं धर्मगुरु पाठवितो व मागून फौज, अशा अर्थाची. तें कसेंही असो, हिदेयोशीचा संशय भडकला. येथें आम्हां ख्रिस्ती लोकांस अंतर्मुख व्हावें लागतें. ख्रिस्ती राजांनींही देवाचें नांव आपल्या तोफांस जोडिलें होतें. त्याचें प्रायश्चित्त मात्र महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांस भोगावें लागलें.

गोन्सालो व त्यांचे सोबती पकडले गेले. डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यांत आली व ऐन हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत सुमारें महिनाभर चालविण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस जणांस क्रूसांवर बांधून भाल्यांनीं भोसकिलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा प्रापंचिक होते; सर्वांत लहान अवघ्या बारा वर्षांचा. त्यांनीं राजाविरुद्ध शस्त्र उचललें नाहीं, बंड केलें नाहीं. राजाचें जें होतें तें त्यांनीं दिलें. आत्मा मात्र त्याचा नव्हता, म्हणून तो दिला नाहीं.

पुढच्याच वर्षीं हिदेयोशी वारला, व १६१५ सालीं त्याचें घराणें बुडालें. वसईची पोर्तुगीज सत्ता १७३९ सालीं मराठ्यांनीं संपविली. सत्ताहीन ब्रदर गोन्सालो यांस मात्र १६२७ सालीं धन्य व ८ जून १८६२ रोजीं नववे पायस पोपमहाराज यांनीं संत म्हणून घोषित केलें. भारतांत जन्मलेले ते पहिले संत होत. वसईंतील गास येथें त्यांच्या नांवाचें देऊळ आहे.

आतां राजे राहिले नाहींत. १९५० पासून अंमलांत असलेल्या राज्यघटनेनें प्रत्येकास सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य दिलें आहे, व सत्तेची ठेव मतदाराच्या, पंचाच्या, कचेरींतील कारकुनाच्या हातीं आली आहे. लांच घेतांना वा खोटी साक्ष देतांना वरिष्ठांची आज्ञा होती, हें उत्तर त्या परम न्यायासनापुढें चालणार नाहीं. आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक कुटुंबास कायदा पाळण्याची नम्रता व अन्याय्य आज्ञेस नकार देण्याचें धैर्य, हीं दोन्हीं या संताच्या मध्यस्थीनें लाभोत, अशी आम्ही प्रभूपाशीं प्रार्थना करितों.