ताटीआडचा योगी

श्रीमुक्ताईचा जन्म शके १२०१ चा. हे घराणे आपेगावच्या कुळकर्ण्यांचे, गोदेच्या काठचे; तीच गोदामाई पुढे आपल्या पूर्णा तालुक्यातून वाहते. आईबापांनी देहांत प्रायश्चित्त घेतले आणि चारी लेकरे संन्याशाची पोरे म्हणून हिणवली गेली. गहिनीनाथांचा योग निवृत्तिनाथांकरवी भावंडांना लाभला होता. तरीसुद्धा एकदा लोकनिंदेने ज्ञानोबाराय दुखावले अन् ताटी लावून आत बसले, असे परंपरा सांगते.

दाराशी आली ती धाकटी बहीण. तिने आसन, प्राणायाम, समाधी ह्यांतले काही विचारले नाही. सारे विश्व आपले म्हटले, तर त्यात निंदक आला आणि आपला शिणलेला जीवही आला; मग कोंडून घेऊन त्या जिवाला का जाळायचे, एवढाच तिच्या विनवणीचा भाव. ताटी उघडली. मंडळी, शके १२१२ च्या ज्ञानेश्वरीअखेर माउलींनी दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा दुष्टपणा जावा एवढेच मागितले!

चांगदेव तर चौदाशे वर्षांचे योगी, वाघावर बसून आले म्हणतात. सिद्धी उदंड, अहंता तशीच. त्यांनाही ह्याच पोरीला गुरू करावे लागले.

शके १२१९ मध्ये तापीकाठी मेहूण येथे वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली. वय अवघे अठरा.