देवळात मुक्काम करायचे, पण देवतेची भक्ती करू नका म्हणायचे : लोणारला येऊन गेलेले चक्रधरस्वामी

लोणार म्हटलं की उल्का पडून झालेलं विवर आणि खारं पाणी आठवतं. पण विवराच्या काठाने आणि उतारावर किती जुनी देवळं आहेत ते मोजायला गेलं तर दमछाक होते. तेराव्या शतकात याच देवळांच्या गावात एक माणूस येऊन राहिला. त्याचं सांगणं होतं की मोक्ष हवा असेल तर या देवतांकडे जाऊ नका, एका परमेश्वरालाच धरा. हा माणूस म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी.

मूळचे ते गुजरातचे. पंथाच्या परंपरेनुसार भडोचच्या प्रधानाचा मुलगा, नाव हरपाळदेव. घरात सुबत्ता होती आणि जुगाराचा नादही होता. जुगारात हरल्यावर पैशावरून घरात जे घडलं त्याने मन उडालं आणि रामटेकच्या यात्रेचं निमित्त करून ते बाहेर पडले. वाटेत आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला गोविंदप्रभू भेटले आणि पुढचं आयुष्यच बदललं. यात्रेला निघालेला माणूस पुढे तीर्थयात्रेने मोक्ष मिळत नाही असं सांगू लागला.

आता मुख्य मुद्दा. एकाच देवाची भक्ती म्हटलं की आपल्याला बायबलमधल्या दहा आज्ञा आठवतात. तिथले संदेष्टे मूर्ती म्हणजे नुसतं लाकूड आणि दगड असं म्हणत. चक्रधरांनी तसं म्हटलं नाही. त्यांच्या तत्त्वज्ञानात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार वेगळे पदार्थ आहेत. देवता खऱ्या आहेत, त्यांना सामर्थ्य आहे, त्या आपापली फळंही देतात. फक्त त्या स्वतःच कायमच्या बद्ध आहेत, त्यामुळे जिवाला सोडवणं त्यांच्या हातात नाही. आमच्या मते हे जास्त अवघड मागणं आहे. खोटा देव सोडणं सोपं, पण नवसाला पावणारा देव सोडायचा म्हणजे पोटात गोळा येतो.

आणि हे सांगणारा माणूस राहायचा कुठे? बऱ्याचदा देवळातच. लीळाचरित्रात त्यांच्या मुक्कामांची जी ठिकाणं येतात त्यांत देवळं आणि मठ भरपूर आहेत. लोणारप्रमाणे मेहकरलाही ते येऊन गेले. लोणारला देवगिरीचा यादव राजा कान्हरदेव त्यांच्या भेटीला आला, अशी आठवण पंथाने जपली आहे.

राजाचा आदर फार काळ पुरला नाही. पुढे यादवांच्या दरबारात हेमाद्रीपंडिताचं वजन वाढलं. त्याने चतुर्वर्गचिंतामणी हा मोठा ग्रंथ रचला आणि त्यातल्या व्रतखंडात कोणत्या देवतेसाठी कोणतं व्रत कसं करायचं याचा प्रचंड संग्रह केला. इकडे चक्रधर साध्या मराठीत, बायकांना आणि शूद्रांनाही सोबत बसवून, यातल्या कशानेच मोक्ष नाही असं सांगत होते. ठिणगी पडणारच होती. महानुभाव परंपरा चक्रधरांच्या छळाचा ठपका हेमाद्रीवर आणि त्याच्या साथीदारांवर ठेवते. अखेरीस स्वामी उत्तरेकडे निघून गेले, अशी अनुयायांची श्रद्धा आहे. त्यानंतर म्हाइंभटांनी शिष्यांकडून एकेक आठवण गोळा करून लीळाचरित्र लिहिलं. मराठी गद्यातला हा आद्य ग्रंथ मानला जातो.

अनुयायांसाठी प्रश्न तिथे संपला नाही. उपदेश घेतला की कुलदैवत सुटतं, देव्हाऱ्यातले टाक सुटतात, जत्रेतला बोकड तर सुटतोच. भावकीला हे पटेलच असं नाही.

मग महानुभाव लोक ओट्यांपुढे डोकं का टेकवतात, असं कुणीही विचारेल. त्यांचं उत्तर असं की ओटा म्हणजे देवतेची मूर्ती नाही. स्वामी जिथे बसले, जेवले, निजले त्या जागेची ती खूण आहे आणि नमस्कार त्या स्पर्शाला आहे. अशा जागा विसरल्या जाऊ नयेत म्हणून पंथाने स्थानपोथी नावाचा वेगळा ग्रंथच केला. त्यात कोणती जागा कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेला आहे, हे बारकाईने लिहिलेलं आहे. ज्या देवळांतल्या देवता पंथाने सोडल्या, त्याच देवळांचा जुना ठावठिकाणा शोधताना अभ्यासक आज ही पोथी उघडतात.