जी. ए. कुलकर्णी : काळोखाची जबाबदारी
निपाणी परिसरातील एकसंबा येथे १० जुलै १९२३ रोजी गुरुनाथ आबाजी कुलकर्णी यांचा जन्म झाला. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. शिक्षण बेळगावात झाले. पुढे धारवाडच्या महाविद्यालयात सुमारे तीन दशके त्यांनी इंग्रजी शिकवले. सभा-संमेलनांपासून मात्र ते कटाक्षाने दूर राहिले.

पाश्चात्त्य भयकथेतील काळोखी जागा आणि कोंडलेली माणसे जी.एं.च्या कथांतही भेटतात. भुतांची त्यांना फारशी गरज पडत नाही. ‘स्वामी’ या कथेत रात्री अडकलेला वाटसरू मठाचा पाहुणचार स्वीकारतो आणि भूगर्भात कायमचा बंदिस्त होतो. त्याला कोंडणारे खलपुरुष नाहीत, ते त्याला पूज्य मानतात. कथा भयंकर होते ती यामुळे. १८१८ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील निर्माता आपल्या निर्मितीची जबाबदारी झटकतो, इथे ती श्रद्धेआड दडते. जी.एं.वरचा नियतिवादी हा शिक्का म्हणूनच अपुरा वाटतो.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. प्रकाशनाच्या तारखेवरून तांत्रिक वाद उद्भवला. तारीख हा काही लेखणीचा विषय नव्हे, तरीही जी.एं.नी पुरस्कार परत केला. ११ डिसेंबर १९८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.