टेडी वेदरफर्ड : दूरदेशी रमलेला पियानोवादक

जुन्या हिंदी चित्रपटगीतांतील ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि पियानोचे सूर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हे सूर आपल्याकडे आले कसे, हा प्रश्न मात्र आपल्याला सहसा पडत नाही. त्याचे उत्तर शोधू लागले की जी नावे पुढे येतात, त्यांत एक नाव अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड याचे आहे. एके काळी शिकागोपासून शांघायपर्यंत गाजलेला हा कलावंत आज जॅझच्या जाणकारांनाच तेवढा ठाऊक आहे.

टेडीचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजी व्हर्जिनियातील पोकाहोंटास या कोळशाच्या खाणींच्या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. पुढे जॅझचे माहेरघर असलेल्या न्यू ऑर्लिन्समध्ये तो पियानो शिकला आणि १९२० नंतर शिकागोत आला. त्या वेळी चित्रपट मूक असत आणि पडद्यासमोर वाद्यवृंद बसे. तेथील व्हेन्डोम थिएटरात अर्स्किन टेट याच्या वाद्यवृंदात टेडी पियानोवर असे, तर ट्रंपेटवर लुई आर्मस्ट्राँग! डाव्या हाताने खालचा स्वर आणि वरचा स्वरमेळ आलटूनपालटून वाजवीत लय धरायची आणि उजव्या हाताने सुरावट खुलवायची, ही त्याची शैली. जणू ठेका आणि गाणे दोन्ही एकाच माणसाच्या हाती! मे १९२६ मध्ये टेटच्या या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रिका तयार झाली. तीत आर्मस्ट्राँग आणि टेडी दोघेही आहेत.

त्याच वर्षी टेडीने अमेरिका सोडली. जॅक कार्टर या ड्रमवादकाच्या वाद्यवृंदाबरोबर तो आशियाकडे निघाला. ज्या सभागृहात वाजवायचे तेथे पाहुणा म्हणून बसण्याची मात्र कृष्णवर्णीयांना अनेकदा बंदी, अशी त्या वेळी अमेरिकेतील स्थिती होती. शांघायमध्ये काम होते, पैसा होता आणि मानही होता. परंतु या निर्णयाची किंमत मोठी होती. १९२८ साली आर्मस्ट्राँग आणि पियानोवादक अर्ल हाइन्स यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि त्या अजरामर झाल्या. टेडी तेव्हा हजारो मैल दूर होता. जॅझचा इतिहास प्रामुख्याने तबकड्यांवरून लिहिला गेला, आणि टेडीच्या तबकड्या थोड्या!

१९३४ मध्ये तो अमेरिकेत गेला तो बक क्लेटनचा वाद्यवृंद शांघायला आणण्यासाठी. पुढे हाच क्लेटन काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील नामवंत ट्रंपेटवादक झाला. १९३७ मध्ये टेडीने पॅरिसला एकल पियानोवादनाच्या काही तबकड्या मुद्रित केल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे मुंबईतील वास्तव्य. १९३० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात ताजमहाल हॉटेलात तो वाजवीत असे. त्या काळच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक पुष्कळ होते. चर्चच्या शाळांतून ते स्वरलेखन वाचायला शिकलेले, हात तयार झालेले. पण जॅझचा प्राण कागदावर लिहिलेला नसतो. तो शेजारी बसूनच घ्यावा लागतो. टेडीच्या सहवासात वाजवलेल्यांपैकी एक फ्रँक फर्नांड. त्यांनी पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत काम केले आणि ‘आमचें नशीब’ (१९६३) व ‘निर्मोण’ (१९६६) हे कोंकणी चित्रपट काढले. त्याच पिढीतील हळदोण्याचे चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांचे सहकारी. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात टेडी कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात होता. त्याच्या वाद्यवृंदात अमेरिकन, भारतीय आणि ब्रह्मदेशातून आलेले वादक एकत्र बसत. अमेरिकन सैन्यात मात्र तेव्हा काळ्या-गोऱ्यांच्या पलटणी वेगवेगळ्या होत्या! जिमी विदरस्पून हा पुढे प्रसिद्धीस आलेला गायक तेव्हा व्यापारी जहाजावर नोकरीस होता. तो येथेच टेडीच्या साथीने गायला. २५ एप्रिल १९४५ रोजी कॉलऱ्याने टेडीचे कलकत्त्यातच निधन झाले. तेव्हा तो अवघा ४१ वर्षांचा होता.

आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी प्रत्येक आयुष्याचाही जमाखर्च मांडू पाहतो. टेडीच्या नावे खाते उघडले तर जमेच्या बाजूस फारसे दिसत नाही. थोड्या तबकड्या, परमुलखातील मरण, आणि मागे पडलेले नाव. पण त्याने दिले ते इतरांच्या खात्यांवर जमा झाले. ज्यांनी त्याच्याजवळ बसून लय उचलली, त्यांनी ती पुढे नेली, आणि त्यांच्या वाद्यवृंदांतून ती आपल्या घराघरांतील रेडिओपर्यंत पोचली. याने टेडीचे नुकसान भरून निघाले असे म्हणवत नाही. त्याचे श्रेय त्याला मिळायलाच हवे होते. गाणे ऐकताना आपण गायकाचे आणि संगीतकाराचे नाव विचारतो, मागे बसलेल्या वादकांचे विचारीत नाही. यापुढे तेही विचारू लागलो, तर या थोर कलावंताच्या ऋणातून थोडे तरी उतराई होऊ.