डॉ. आनंदीबाई जोशी

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात त्यांचा जन्म झाला. हे घराणे एके काळी श्रीमंत होते. पुढे त्याची परिस्थिती खालावली. लहानग्या यमूचे घरात फारसे लाड झाले नाहीत. आई अतिशय कडक होती. ती दोरीने, काठीने, दगडाने आणि प्रसंगी जळत्या कोळशानेही शिक्षा करी, असे आनंदीबाईंनी स्वतःच पुढे सांगितले आहे. आजीची मात्र तिच्यावर माया होती.

त्याच सुमारास गोपाळराव जोशी नावाचे गृहस्थ कल्याणच्या पोस्टात कारकून म्हणून आले. ते विधुर होते आणि यमूहून वयाने पुष्कळ मोठे होते. मुलींनी शिकले पाहिजे, या विचाराने ते झपाटलेले होते. त्या काळी बाई शिकली तर तिचा नवरा मरतो, अशी समजूत होती. यमूशी लग्न करायला गोपाळराव तयार झाले, पण एका अटीवर. लग्नानंतर बायकोला शिकवण्याच्या आड कोणी यायचे नाही, ही ती अट. १८७४ साली लग्न झाले, तेव्हा यमू अवघी नऊ वर्षांची होती. सासरी तिचे नाव आनंदी ठेवले.

नातेवाइकांच्या गोतावळ्यात अभ्यास होईना, म्हणून गोपाळरावांनी अलिबागला बदली करून घेतली. धडे सुरू झाले. वाचन, लेखन, गणित, व्याकरण, पुढे इंग्रजी. मुलगी हुशार होती, पण शेवटी ती लहान मूलच होती. तिला खेळावेसे वाटे, स्वयंपाकघरात आजीजवळ बसावेसे वाटे. एके दिवशी अभ्यास सोडून ती स्वयंपाकघरात काम करताना दिसली. गोपाळरावांचा राग अनावर झाला आणि त्यांनी तिला काठीने बदडून काढले. शेजारीपाजारी थक्क झाले. स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारणारे नवरे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. स्वयंपाक केला म्हणून मारणारा हा पहिलाच!

हा प्रसंग पुष्कळदा गमतीने सांगितला जातो. पण मार खाणाऱ्या मुलीला त्यात गंमत वाटली नसणार. शिवाय तो एकदाच घडलेला प्रसंग नव्हता. दहाव्या वर्षी तिने लाकडाच्या तुकड्यांचा मार खाल्ला. बाराव्या वर्षी तिच्या अंगावर पुस्तके आणि खुर्च्या फेकल्या गेल्या. तुला सोडून देईन, अशी धमकीही नवऱ्याने दिली. चौदाव्या वर्षी आणखी निराळ्या शिक्षा वाट्याला आल्या.

त्याच चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. बाळंतपणात आणि आजारपणात बायकांना नीट उपचार मिळत नाहीत, हे त्यांनी जवळून पाहिले. पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा बायका दुखणे अंगावर काढत. आपण डॉक्टर व्हायचे, असे आनंदीबाईंनी मनाशी ठरवले. तोपर्यंत शिक्षण ही नवऱ्याची इच्छा होती. आता ती त्यांची स्वतःची इच्छा झाली.

गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या. कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता आणि शेवटी श्रीरामपूर. हे श्रीरामपूर महाराष्ट्रातले नव्हे, बंगालमधले. मुंबईत आनंदीबाई मिशनऱ्यांच्या शाळेत पायी जात. हातात पुस्तके आणि पायांत बूट घातलेली ब्राह्मण बाई रस्त्यात दिसली की लोक हसत, टोमणे मारत, थुंकत. म्हणजे घरात अभ्यास केला नाही म्हणून मार आणि बाहेर अभ्यास केला म्हणून अपमान, असे त्यांचे दिवस चालले होते.

बायकोला अमेरिकेत शिकायला पाठवावे, म्हणून गोपाळरावांनी कोल्हापूरहून एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले होते. ते तिकडच्या एका मासिकात छापले गेले. १८८० साली ते न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंच्या वाचनात आले. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले. दोघींचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि समोरासमोर भेट होण्याआधीच त्या मावशी-भाची झाल्या.

आनंदीबाईंच्या परदेशगमनाची बातमी पसरताच चहूकडून टीका सुरू झाली. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीत भाषण केले. आपण एकट्या का जातो, इथेच का शिकत नाही, याची उत्तरे त्यांनी शांतपणे दिली. आपला धर्म सोडणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. वय होते अठराच्या आत. मग दागिने विकून ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला पोहोचल्या.

फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला. कडाक्याची थंडी, शाकाहारी जेवणाची अडचण आणि दिवसभर अभ्यास. तेथे जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लाम्बूली या विद्यार्थिनीही होत्या. तिघींचा आपापल्या देशाच्या पोशाखातला १८८५ सालचा फोटो आजही पाहायला मिळतो.

गोपाळराव मागे भारतात राहिले होते. त्यांची पत्रे येत. कधी त्यांत कौतुक असे, तर कधी संशय आणि कडवट बोल. आता मधे समुद्र होता. समोर बसून जे बोलता आले नव्हते, ते आनंदीबाईंनी एका पत्रात लिहिले.

मार शिक्षणासाठीच होता, मग त्यात वाईट ते काय, असे कोणी म्हणेल. याच प्रश्नाचा विचार त्या पत्रात आहे. नवऱ्याचे वागणे चांगले की वाईट, हे ठरवणे अवघड आहे, असे त्या म्हणतात. हेतू पाहिला तर ते योग्य वाटते, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहिला तर ते चूकच होते. मग दहाव्या वर्षी काय झाले, बाराव्या वर्षी काय झाले, याची त्या एकेक आठवण देतात. नवऱ्याच्या आणि सासूच्या छळाने कितीतरी मुली घर सोडून जातात. आपण गेलो नाही, कारण वडिलांच्या अब्रूला डाग लागेल अशी भीती होती. नवऱ्याच्या हातून बायकोला वाचवणारा कायदा आपल्याकडे नाही, म्हणून निमूटपणे सोसण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, हेही त्या लिहितात. आणि त्याच पत्रात, तुमच्यामुळेच मी इथवर आले, हे उपकार विसरणार नाही, असेही आहे. उपकार मानले म्हणून त्यांनी मार माफ केला नाही, आणि मार आठवला म्हणून उपकार नाकारले नाहीत.

कायद्याबद्दलचे त्यांचे म्हणणे खरे होते. बायकोचा छळ करणाऱ्या नवऱ्याला शिक्षा देणारे खास कलम आपल्याकडे १८८३ नव्हे, १९८३ साली आले. घरातील हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला. मारहाणच नव्हे, तर धमकी आणि अपमानही त्यात येतात.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम. डी. ही पदवी मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. गोपाळरावही तोपर्यंत अमेरिकेत येऊन पोहोचले होते. कोल्हापूर संस्थानाने आपल्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमधील स्त्री-विभागाची जागा आनंदीबाईंना देऊ केली. पण क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या आजारी अवस्थेतच. कोल्हापूरच्या रुग्णांना त्यांचा हात लागलाच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवल्या आहेत. इकडे काशीबाई कानिटकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे चरित्र त्या काळी नवलाचेच होते. त्यासाठी काशीबाईंनी आनंदीबाईंची पत्रे मिळवली आणि वाचकांपुढे ठेवली.